खांबेटे सरांची चूक

धुंडिराज खांबेटे सरांच्या हातून आयुष्यात चूक म्हणून झाली नाही. हे माझं मत नाही, त्यांचं होतं. आणि ते त्यांनी इतक्या लोकांना, इतक्या वेळा, इतक्या शांतपणे सांगितलं होतं की आमच्या विभागात ते नोटीस बोर्डावर लावायचं तेवढं बाकी होतं. वर्गात पोरं झोपली तर ती जेवणाची चूक. शोधनिबंध न छापता परत आला तर परीक्षकाची. एकदा ते स्वतःच्याच सेमिनारला एक दिवस आधी जाऊन बसले होते. रिकाम्या हॉलमध्ये वीस मिनिटं वाट पाहून बाहेर आले आणि म्हणाले, "लोकांना वेळेची कदर नाही."

सर बनारसचे मराठी. दुर्गाघाटाच्या गल्लीत जन्मले आणि तिथेच राहिले. त्यांचे कुणी पूर्वज पेशवाईत कोकणातून काशीला आले आणि परत जायचं राहून गेलं, एवढाच इतिहास ते सांगत. घरात पिढ्यान् पिढ्या वेदपठण. वडील घनपाठी, म्हणजे अख्खी संहिता सरळ, उलट, पुन्हा सरळ, शब्दांच्या जोड्या लावत तोंडपाठ म्हणणारे. सर त्यातून निसटून विज्ञानाकडे गेले, पण निसटताना निम्मं घर बरोबर घेऊन गेले. पुण्याची मराठी आता पार बिघडून गेली आहे, शुद्ध राहिली ती आमच्या गल्लीतच, हे ते मला 'मालूम', 'परेशान' आणि 'जल्दी' हे तीन शब्द वापरून समजावून सांगत.

मी सांगलीची. फेलोशिप मिळाली म्हणून बनारसला गेले. सरांनी मुलाखतीत विज्ञानाचा एकही प्रश्न विचारला नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सांगलीची ना तू? ऐकून लिहायची सवय आहे? श्रुतलेखन?"

मी म्हटलं, शाळेत पहिला नंबर यायचा.

"बस. मग झालं तुझं ॲडमिशन."

मला वाटलं, विद्वान माणूस आहे, विनोद करतो आहे. कानाला खडा लावायचा तो तेव्हाच लावायला हवा होता. त्या दिवसापासून माझं नाव सांगली पडलं. खरं नाव त्यांनी पाच वर्षांत दोनदा उच्चारलं असेल, दोन्ही वेळा फॉर्म भरताना.

सरांचा विषय होता डीएनएचे लॉजिक गेट. कॉम्प्युटरच्या चिपमध्ये जशी हो-नाहीची बारीक दारं असतात, तशी दारं डीएनएच्या आखूड धाग्यांची करायची. विशिष्ट धागे ट्यूबमध्ये आले तर दार उघडणार आणि चमक दिसणार, नाही आले तर अंधार. पुढेमागे अशा दारांनी रक्तातला आजार ओळखता येईल, अशी आशा. ते धागे कोणत्या अक्षरांचे असावेत, एकाला ढकलून दुसरा किती वेळात त्याच्या जागी बसेल, याचं गणित सर कॉम्प्युटरवर मांडत. मांडत म्हणजे, रसायनांच्या कोठीतल्या दोन जुनाट कॉम्प्युटरांवर, वीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये. त्या प्रोग्रामला हात लावायची इतरांना परवानगी नव्हती. तो बिघडला की सर त्याच्याशी बोलत. "आज मॉडेलचा मूड नाही," असं जाहीर करून पडद्यावर गमछा टाकत आणि चहाला निघत.

एक मात्र कबूल करते, विषय समजावण्यात त्यांचा हात धरणारा मी आजवर पाहिला नाही. पहिल्याच आठवड्यात मला ब्रह्माघाटाच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथल्या लाकडी बाकावर सकाळी एक किडकिडीत मास्तर आणि त्यांच्या पलीकडे एक धष्टपुष्ट पहलवान हमखास असायचे. "आता बघ," म्हणून सर बाकाच्या अगदी कडेला, चार बोटांच्या जागेवर टेकले.

"जरा सरकिए, गुरु."

मास्तर सरकले. सर आणखी थोडे टेकले. पुन्हा "जरा सा." तिसऱ्या खेपेला मास्तर चहाचं कुल्हड हातात घेऊन उभे होते आणि आपण का उठलो हे त्यांना कळलेलं नव्हतं. सर तेवढ्यात जागा सोडून उठले आणि मला म्हणाले, "आता तू बस. पहलवानाला सरकव."

मी टेकले. पाच मिनिटांत पहलवानही पुटपुटत उठला.

"समजलं? डीएनए जोर नाही करत. कडेला चार अक्षरांची जागा मिळाली की टेकतो आणि हळूहळू समोरच्याला उठवतो. पहिल्याने जागा मोकळी केल्याशिवाय दुसऱ्याला टेकायलाच मिळत नाही. दोघं आले तरच पहलवान उठणार. हे झालं अँड गेट. पहलवान म्हणजे आउटपुट."

पहलवानाने मात्र त्यानंतर महिनाभर मला पाहिलं की बाकाच्या मधोमध बैठक मारली.

गेटांना नंबर द्यायची जगाची रीत सरांना पसंत नव्हती. त्यांनी नावं दिली होती घाटांची. ऑर गेट, म्हणजे दोघांतला कुणीही एक आला तरी उघडणारं दार, त्याचं नाव भोसले. का, तर भोसले घाट नागपूरकरांचा, आणि नागपूरकर कुणीही आलं तरी ताट मांडतात. अँड गेटचं नाव अमृतराव. अमृतराव घाट पुणेकरांनी बांधलेला, तेव्हा दोन ओळखी आणल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि नॉट गेट, जे विचाराल त्याच्या नेमकं उलट उत्तर देतं, त्याला त्यांनी आमच्या विभागप्रमुखांचं नाव दिलं होतं. हे विभागप्रमुखांना माहीत होतं. पुढे जे झालं त्यात याचा काही हात नव्हता, असं मला तरी म्हणवत नाही.

आता या सगळ्या कौतुकात एक बारीकशी उणीव होती. सरांचं एकही गेट कधी ट्यूबमध्ये उघडलेलं नव्हतं. उघडायचा प्रयत्नच झाला नव्हता. वीस वर्षं सगळी दारं कॉम्प्युटरवर उघडत होती आणि कॉम्प्युटरवरच बंद होत होती. एकदा बाहेरून आलेल्या एका तरुण पाहुण्याने चहाच्या वेळी सहज विचारलं, "सर, यातलं काही प्रत्यक्ष करून पाहिलंत?" सरांनी बिस्कीट चहात बुडवलं, शांतपणे खाल्लं, आणि म्हणाले, "पंचांग करणाऱ्याला कोणी विचारतं का, चंद्रावर जाऊन आलात का? ग्रहण लागतं ना वेळेवर?"

उत्तर बिनतोडच होतं. फक्त ग्रहण अजून एकदाही लागलेलं नव्हतं, हे बोलायची तिथे कुणाची छाती नव्हती.

ती छाती माझ्या चौथ्या वर्षी प्रगती समितीने दाखवली. कागदावरच्या दारांवर यापुढे पीएच.डी. मिळणार नाही. एक तरी गेट ट्यूबमध्ये चमकवून दाखवा, वर्षभराची मुदत, नाहीतर नोंदणी रद्द. हे समितीने सरांना ऐकवलं, पण नोंदणी होती माझी. सांगलीला आईने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की यंदा मुलगी डॉक्टर होणार, आणि एका बाईंनी गुडघेदुखीचं औषधही विचारून ठेवलं होतं. सरांची निवृत्तीही त्याच वर्षी होती.

"परेशान नको होऊ," सर म्हणाले. "अमृतराव पाठवून देऊ. पहिल्या झटक्यात चमकेल."

धागे स्वतः बनवायचे नसतात. अक्षरं लिहून फॉर्म पाठवायचा, कंपनी धागे तयार करून देते. दुसऱ्या कुणी तो मजकूर कॉम्प्युटरवरून उचलून फॉर्मवर चिकटवला असता, दोन मिनिटांचं काम. सरांच्या राज्यात हे चालणार नव्हतं. "कॉपी-पेस्टने घोळ होतात. आमच्या घरात हजारो ऋचा तोंडातून कानात गेल्या आहेत, एक मात्रा नाही हलली." तेव्हा सर म्हणणार आणि मी लिहिणार. श्रुतलेखनाचा पहिला नंबर शेवटी असा फळाला आला.

एका सकाळी कोठीत बैठक बसली. डीएनएच्या दोन धाग्यांची अक्षरं एकमेकांशी बांधलेली असतात, एचा जोडीदार टी, जीचा सी. सर डोळे मिटून जोडीने म्हणू लागले, "ए-जी-टी, टी-सी-ए," मग उलट, मग पुन्हा सरळ, वडील म्हणत तसं डुलत. मी डाव्या रकान्यात धागा आणि उजव्या रकान्यात त्याचा जोडीदार उतरवत होते. खरंच सांगते, एक अक्षर इकडचं तिकडे होणं शक्य नव्हतं. फक्त धाग्यांना डोकं आणि पाय असतात. जोडीतले दोघे, सरांच्याच भाषेत, "एका खाटेवरचे दोन पाहुणे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी." हे वाक्य ते दर वर्षी प्रत्येक वर्गाला ऐकवत. आणि फॉर्मवर प्रत्येक धागा डोक्याकडून लिहायचा असतो. म्हणजे उजव्या रकान्यातला जोडीदार मला शेवटाकडून उलटा लिहायला हवा होता.

हे माझ्या लक्षात आलं. पहिल्याच धाग्याला आलं. मी म्हटलं, "सर, उजवीकडचे हे उलटे..."

सरांनी डोळे उघडले. "पाठ चालू असताना टोकायचं नाही. आता पहिल्यापासून."

आणि खरंच पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या धाग्याला मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा पहिल्यापासून. "तुला मालूम आहे की मला मालूम आहे?" असं विचारलं. दुपारचे दोन वाजले होते, मेस बंद झाली होती. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं नाही. तीस वर्षं हेच शिकवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार, असं मी स्वतःला समजावलं. मी फॉर्म भरला, खाली माझी सही केली, पाठवून दिला.

धागे आले. ट्यूब, यंत्र वगैरे त्रिपाठी मॅडमकडे. त्या आमच्या विभागातल्या प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या बाई, मुलखाच्या काटेकोर, बोलायला करवत. पहिल्या दिवशी अमृतराव चमकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला. सरांनी रोज नवा आरोपी उभा केला. पाणी अशुद्ध आहे. मीठ बरोबर नाही. लाइट जाते त्याने यंत्र रुसतं. उन्हाळा आहे. उन्हाळा संपला तर दमट हवा आहे. चार महिने आम्ही अंधार मोजला. मॅडम एकदा म्हणाल्या, "खांबेटेजी, आपका गेट कागज पर तो रोज़ खुलता है. ट्यूब में क्या शर्म आती है उसको?"

"ट्यूबवर मला पहिल्यापासून भरोसा नव्हता," सर मला मराठीतून म्हणाले. मॅडमना मराठी बऱ्यापैकी समजते हे त्यांना मालूम नव्हतं.

शेवटी वैतागून मॅडमनी सगळं बाजूला ठेवलं आणि नुसते दोनच जोडीदार धागे एकत्र करून पाहिले. ते जुळलेच नाहीत. मग त्यांनी फॉर्म मागवला आणि अर्ध्या तासात घोळ हुडकला. तीन धागे साफ उलटे. विभागाचे चार महिने वाया गेले म्हणून त्यांनी तो अहवाल नियमानुसार विभागप्रमुखांकडे दिला. फॉर्मवर अक्षर माझं, सही माझी. विभागप्रमुखांनी सोमवारी बैठक बोलावली. विषय एकच, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा आणि नोंदणी रद्द करणे.

रविवारी मी दुर्गाघाटावर सरांच्या घरी गेले. मैदागिनला ऑटो सोडून गल्ल्यागल्ल्यांतून चालताना काय काय बोलायचं याची उजळणी केली होती. सर वरच्या खोलीत होते. मी फॉर्मची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, ओठ हलवत, बोटाने अक्षर अक्षर. मग घडी करून मला परत दिली.

"चहा पिऊन जा," म्हणाले. बस. एवढंच.

खाली काकूंनी चहा दिला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अतिशय सरळ बाई. मी रडवेली झाले होते. म्हटलं, "काकू, सर उद्या काही बोलतील का?"

"तू खोटी आस नको लावू, बेटा," काकू म्हणाल्या. "मागे एकदा त्यांनी स्वतः भाजी केली. मीठ इतकं की तोंडात घालवेना. तर म्हणाले, आलू खराब निघाले. त्यांनीच केलेली भाजी, त्यांनीच आणलेले आलू. तरी ती चूक भाजीवाल्या कुंजड्याची." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी हॉस्टेलवर येऊन बॅग भरायला घेतली. सांगलीच्या गाडीचं तिकीटही बघून ठेवलं.

सोमवारी बैठकीत विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच दुःख व्यक्त केलं. त्यांना दुःख व्यक्त करायला फार आवडे. एका मुलीच्या बेफिकिरीमुळे खांबेटेजींसारख्या ज्येष्ठ विद्वानाची शेवटच्या वर्षी मान खाली गेली वगैरे. तीस वर्षांत सरांबद्दल ते पहिल्यांदाच चांगलं बोलत होते. त्यांनी मला विचारलं, "फॉर्म आपने भरा?" मी म्हटलं, हो. "दस्तखत आपके?" हो.

तेव्हा सर उठून उभे राहिले. काही न सांगता डोळे मिटले आणि त्या सकाळी म्हटलं होतं ते पहिल्या अक्षरापासून म्हणू लागले. जोडीने, सरळ, उलट, सरळ. समिती एकमेकांकडे पाहू लागली. एकाने हळूच तब्येतीबद्दल विचारलं. सर थांबले नाहीत. तिन्ही धागे पुरे केले, डोळे उघडले आणि बनारसी हिंदीत म्हणाले, "ऐसे बोला गया था. बोलने वाला मैं. इसने वही लिखा जो सुना, एक अक्षर गलत नहीं. दो बार टोका भी इसने. दोनों बार मैंने चुप करा दिया. जो बात मैं तीस साल से क्लास में पढ़ा रहा हूँ, वो मैं ही भूल गया. ये गलती मेरी है."

विभागप्रमुखांना हे उत्तर नको होतं की फारच हवं होतं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. ते गोड आवाजात म्हणाले, "खांबेटेजी, फॉर्म पे आपका नाम कहीं नहीं है. तीन महीने में आप रिटायर हो रहे हैं. क्यों अपने ऊपर लेते हैं? जाने दीजिए."

"रिटायर मैं हो रहा हूँ," सर म्हणाले. "गलती नहीं हो रही."

त्रिपाठी मॅडमनी कागदातून मान वर केली आणि पहिल्यांदाच सरांकडे नीट पाहिलं. बनारसमध्ये मी तोवर कधी कुणासमोर रडले नव्हते, त्या दिवशी समितीसमोर रडले, आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही.

चुकीची शिक्षा द्यायला आमचा विभाग कधी उशीर करत नसे. माझी नोंदणी वाचली, मुदतही सहा महिने वाढली, पण गाइड म्हणून सरांचं नाव काढून त्रिपाठी मॅडमचं घातलं. कोठी तीन महिने आधीच ताब्यात घेतली आणि तिथे पुन्हा रसायनं ठेवली. सरांनी गमछा तेवढा उचलून नेला. निरोप समारंभात विभागप्रमुखांनी त्यांना घड्याळ दिलं आणि पुन्हा दुःख व्यक्त केलं.

तीन धागे नव्याने मागवले. या वेळी मॅडमनी फॉर्म स्वतः तपासला, मी तपासला, आणि न विचारता सरांनाही पाठवला. त्यांनी परत पाठवताना वर "टोकायचं राहिलं असल्यास आता टोकणे" असं लिहिलं होतं. महिन्याभरात, एका साध्या बुधवारी, अमृतराव चमकला. मी पळत बाहेर येऊन सरांना फोन लावला. "सर, उघडला! चमकला!"

"एकच धागा टाकला तर?"

"अंधार."

"दुसरा एकटा?"

"अंधार, सर."

"दोन्ही नाही टाकले तर?"

"पूर्ण अंधार."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला. वीस वर्षांनी ग्रहण लागलं आणि पंचांगकर्त्याने एवढंच म्हणावं! मला रागच आला. काकूंनी नंतर सांगितलं की फोन ठेवून ते गच्चीवर गेले आणि दुपारच्या जेवणाला हाका मारल्या तरी बराच वेळ खाली आले नाहीत.

मी प्रबंध लिहायला घेतला. गाइड म्हणून त्यांचं नाव येणार नव्हतं, तेव्हा निदान आभाराच्या पानावर मी त्यांच्यावर चांगल्या दहा ओळी लिहिल्या. त्यांनी मसुदा वाचून त्या दहाही खोडल्या. "या पानावर तुझ्या मेसवाल्याचं नाव आहे, झेरॉक्सवाल्याचं आहे. त्यांच्या रांगेत मला काय करायचं आहे? त्यापेक्षा मागे परिशिष्ट जोड. ते तिन्ही उलटे धागे जसेच्या तसे छाप. पुढच्याला मालूम पडायला हवं की असंही होऊ शकतं."

मी छापले. पण खालची ओळ लिहिताना माझा हात अडला. बैठकीत त्यांनी जे सांगितलं ते चार भिंतींत राहिलं होतं. प्रबंध लायब्ररीत कायमचा राहणार. सबंध प्रबंधात सरांचं नाव कुठेच नाही आणि ते यायचं तर चुकीखाली? ते मला सोसेना. म्हणून मी इंग्रजीत लिहिलं, 'लेखनिकाच्या अनवधानामुळे.' लेखनिक म्हणजे मी. असू दे, म्हटलं. डॉक्टर तर होतेच आहे.

त्यानंतर सर मला एकदाच दिसले. माझ्या तोंडी परीक्षेच्या महिनाभर आधी, माघात, ते गेले. तेव्हा मी सांगलीला होते. म्हणून शेवटची भेट ती त्याच्या आधीची, प्रबंध जमा करायच्या दिवशीची दुपार.

बाइंडर चौकातला. लाल कापडात बांधलेल्या पाच प्रती घेऊन त्या जमा करायला निघाले होते, वाटेत त्यांना दाखवाव्या म्हणून दुर्गाघाटावर गेले. सर वरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते, बरेच वाळलेले. प्रत हातात घेतली ती सरळ शेवटाकडून उघडली. चमकणाऱ्या अमृतरावाचं रंगीत चित्र मध्ये कुठेतरी होतं, तिकडे पाहिलंही नाही. परिशिष्ट काढलं, बोट फिरवत खाली आले आणि त्या ओळीवर थांबले.

"हा लेखनिक कोण?"

मी बाकीच्या प्रतींची चळत नीट करू लागले.

"तुला हे नाही बोललो होतो मी, सांगली." आवाज चढला नव्हता, पण मला तो चढलेला बरा वाटला असता. त्यांनी काकूंकडून शाईचं पेन मागून घेतलं, माझी छापील ओळ खोडली आणि त्याखाली देवनागरीत, शाळेतल्या पोराने काढावं तसं ठळक अक्षर काढत लिहिलं, 'चूक सांगणाऱ्याची. लिहिणारीने दोनदा टोकले होते. धुंडिराज खांबेटे.'

मी ओरडलेच. "सर! बांधून झालेल्या प्रती आहेत! इंग्रजी प्रबंध आहे! ऑफिसात घेणार नाहीत!"

"दुसरी दे."

पाचही प्रतींवर लिहिलं. प्रत्येक वेळी तेच, तितक्याच सावकाश, शब्दाचाही फरक नाही. प्रत्येक अक्षराला थांबत होते. मी समोर बसून आधी चिडले, मग काय करावं कळेना, मग नुसती प्रती पुढे करत राहिले. त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते आजवर दुसऱ्या कुणाही शिक्षकाबद्दल वाटलेलं नाही, आणि मी ते तिथे बोलून दाखवलं नाही याची टोचणी आहे.

"जा आता जल्दी," पाचवी प्रत देत ते म्हणाले. "चारला ऑफिसातला तो बाबू उठून जातो."

मी पायऱ्या उतरून गल्लीत आले. चार प्रती काखेत, पाचवी तशीच उघडी दोन्ही हातांत. वळणाशी एक स्कूटर आडवी आली म्हणून मी ती पाचवी मिटून छातीशी धरायला गेले, तोच वरून हाक आली. सर खिडकीचे गज धरून उभे होते, होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून ओरडत होते.

"मिटू नकोस, सांगली! ओलं आहे अजून! उघडंच राहू दे!"